पुण्यात फॅलेनॉप्सिस जगतं, मग वँडा, पॅफ, नोबिली आणि सिंबिडियमचं कुठं बिनसतंय?

गॅलरीतली_बाग

ठिकाण पुणे, कोथरूड. तिसरा मजला, पूर्वेची गॅलरी, ग्रिल लावलेली. ऊन सकाळी ७ ते साधारण १०:३०, नंतर नुसता उजेड. वर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट. फॅलेनॉप्सिस या आमरीच्या (ऑर्किडच्या) चार कुंड्या ठणठणीत आहेत, दर वर्षी फुलतात. त्या जोरावर आमरींमधली अवघड मंडळी आणली, त्यांची अवस्था खाली देते.

१) वँडा, निळा संकर, लाकडी टोपलीत, माध्यम काहीच नाही. खालची पाच पानं एकामागून एक पिवळी होऊन गळली. उरलेल्या पानांवर उभ्या सुरकुत्या. मुळं पांढरी, टोकाला हिरवं काही दिसत नाही. दिवसातून तीनदा स्प्रे करते.

२) पॅफिओपेडिलम (पॅफ) दोन. साध्या हिरव्या पानांचं जुलैत पोंग्यापासून सडलं, पान धरलं तर हातात आलं, वास येत होता. चट्टेरी पानांचं जिवंत आहे, पण दीड वर्षात नवा फुटवा नाही.

३) डेंड्रोबियम नोबिली. कांड्या जाड, तब्येत उत्तम. फुलांच्या जागी कांडीवर पिल्लं (छोटी रोपं) येतात.

४) सिंबिडियम, मोठ्या फुलांचं, कालिम्पाँगहून मागवलेलं. पानं भरपूर, दोन वर्षांत फुलांचा दांडा नाही.

पाणी महापालिकेचं, मार्च ते जून मात्र टँकर. खत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के), लिटरला २ ग्रॅम, पंधरा दिवसांनी. पॅफ आणि नोबिली नर्सरीतून आले तसेच, माध्यम बदललेलं नाही. सगळ्यांना एक दिवसाआड पाणी, पावसाळ्यात तीन दिवसांनी. आता ऑक्टोबर लागतोय. काय बदलू? आणि यातल्या कुणाचा नाद सरळ सोडून द्यावा?

---

मुळंआधी

तुमची चारही झाडं वेगवेगळ्या कारणांनी रुसली आहेत आणि पाणी मात्र सगळ्यांना एकाच वेळापत्रकानं मिळतंय. मूळ गोची तिथेच आहे. "किती दिवसांनी पाणी" हा प्रश्न बाजूला ठेवा. "पाणी घातल्यावर मुळं किती वेळात वाळतात" हे मोजा. पुण्यात हा आकडा मे महिन्यात एक, जुलैत दुसरा, डिसेंबरात तिसराच असतो.

झाडावर वाढणाऱ्या आमरींच्या मुळांवर वेलामेन नावाचं मृत पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं. कोरडं असताना ते चंदेरी-पांढरं दिसतं, कारण पेशींत हवा असते. पाणी भरलं की खालचा हिरवा थर दिसू लागतो. हा स्पंज काही मिनिटांत भरतो, पण आतल्या जिवंत मुळात पाणी शिरायला त्याला तासभर तरी ओलं राहावं लागतं. एप्रिलच्या दुपारी स्प्रेचं पाणी दहा मिनिटांत उडून जातं. तीनदा स्प्रे म्हणजे तीनदा ओठ ओले केले, घोट एकही मिळाला नाही. तुमचा वँडा तहानलेला आहे, सडलेला नाही. सुरकुत्या, खालून वर गळत जाणारी पानं, बंद पडलेली मुळांची टोकं, सगळं तेच सांगतंय.

त्याचं आता असं करा. सकाळी बादलीत मुळं पूर्ण बुडतील असं १५ ते २० मिनिटं ठेवा. पानांच्या बेचक्यात पाणी जाऊ देऊ नका, गेलंच तर कागदाच्या बोळ्यानं टिपा. बाहेर काढल्यावर मुळं सगळीकडून हिरवी दिसली पाहिजेत. ज्या भागावर पांढरे ठिपके राहतात तिथे हवा अडकली आहे, चिंता नको. जे मूळ हिरवं होतच नाही आणि दाबल्यावर पोकळ लागतं, आतून फक्त दोरा निघतो, ते मेलेलं. कापून टाका. अर्ध्या तासानं पुन्हा एकदा ५ मिनिटं बुडवा. ही दुसरी बुडी महत्त्वाची, ओलेपणाचा काळ त्यानं लांबतो. दोन-तीन आठवड्यांत काही मुळांना हिरवी किंवा तांबूस टोकं दिसली की झाड वळणावर आलं. सुरकुतलेली पानं मात्र पूर्ववत होतीलच असं नाही, त्यावरून यश मोजू नका.

वँडाला उजेडही कमी पडतोय. साडेतीन तासांचं ऊन तेही शेडनेटखालून म्हणजे फॅलेनॉप्सिसची सोय झाली. ग्रिलच्या बाहेरच्या बाजूला, नेट न लावता टांगा. एकदम नको, आठवड्याला तासभर वाढवत न्या. पान पोपटी हिरवं झालं तर प्रकाश बरोबर, गर्द काळपट हिरवं म्हणजे कमी, पिवळट आणि कडेला जांभळं म्हणजे जास्त.

आता पॅफ. माझा अंदाज, कुंडी उपसून बघाल तर मधोमध घट्ट शेवाळाचा लिंबाएवढा गोळा सापडेल. रोपं लहान असताना स्फॅग्नम शेवाळात गुंडाळून वाढवतात आणि नंतर मोठ्या कुंडीत तशीच बसवतात. बाहेरचं माध्यम वाळतं, गोळा महिनाभर ओला राहतो. वरून बोट लावून तुम्ही "कोरडं" ठरवता आणि पाणी घालता. मधली मुळं हवेवाचून मरतात. मग मुळं नाहीत म्हणून फुटवा नाही.

चट्टेरी पॅफचं माध्यम आत्ताच बदला. गोळा कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून चिमट्यानं सोडवा. पॅफची निरोगी मुळं तपकिरी आणि केसाळ असतात, फॅलेनॉप्सिससारखी पांढरी नसतात, म्हणून रंग बघून छाटू नका. दाबून बघा, टणक असेल ते ठेवा. मिश्रण: पाइनची साल ८ ते १२ मिलिमीटर ४ भाग, लोणारी कोळसा त्याच मापाचा १ भाग, परलाइट १ भाग. साल रात्रभर भिजवून घ्या, कोरडी साल पाणी धरत नाही. मुळं जेमतेम मावतील एवढीच कुंडी, बहुतेक ३ किंवा ४ इंची. फुटव्याचा तळ माध्यमात १ सेंटिमीटर गाडा, कारण नवी मुळं तिथूनच येतात. तळ वर राहिला तर नवं मूळ हवेत येऊन वाळतं. हेही दीड वर्ष थांबण्याचं कारण असू शकतं.

स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. समजा भिजवून निथळल्यावर कुंडी ४१० ग्रॅम भरली आणि पूर्ण कोरडी २६०. पॅफला ३३०च्या आसपास पाणी द्यायचं, कारण त्याला कंद नाहीत, साठवायला जागा नाही. दोन आठवडे वजन करा, नंतर हाताला अंदाज येतो.

नोबिली आणि सिंबिडियमबद्दल कुणीतरी लिहीलच, नाहीतर रात्री लिहितो.

---

कोकणी_आमरी

सडण्याचं मी लिहिते, चिपळूणच्या पावसात तो विषय रोजचाच.

वास आला होता म्हणता, म्हणजे बुरशीपेक्षा जिवाणू जास्त शक्य. एर्विनिया गटाचे जिवाणू पॅफच्या पोंग्यात साचलेल्या पाण्यातून शिरतात, पान पाणचट तपकिरी होतं, दोन-तीन दिवसांत झाड बसतं. ताक नासल्यासारखा वास ही खूण. फायटॉप्थोरा आणि पिथियमची काळी कूज मात्र बिनवासाची असते, काळसर जांभळा डाग वर चढत जातो, कडेला पिवळी किनार.

हा फरक का, तर औषधं वेगळी. नर्सरीत सगळ्याला एकच उत्तर असतं, कार्बेन्डाझिम. काळ्या कुजीवर त्याचा उपयोग शून्य. फायटॉप्थोरा ही खरी बुरशी नाही, तिच्यावर मेटॅलॅक्झिल ८ टक्के अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के हे मिश्रण लिटरला २ ग्रॅम, किंवा फोसेटिल अ‍ॅल्युमिनियम तेवढंच. जिवाणूंवर यातलं काहीच चालत नाही. तिथे चाकू लागतो. निरोगी भागात १ ते २ सेंटिमीटर आत जाऊन कापा, प्रत्येक कापानंतर पातं ज्योतीवर धरा, कापलेल्या जागी दालचिनीची पूड. पूड फक्त पानाच्या कापावर लावा, मुळांवर टाकलीत तर ती मुळं वाळवते. झाडाला आठवडाभर पाणी नाही, समोर पंखा. स्ट्रेप्टोमायसिनची पुडी कुणी सुचवेल, तर तिच्या शेतीवापरावर बंदी आली आहे, शोधत बसू नका. आणि ताम्रयुक्त औषधं डेंड्रोबियमवर अजिबात मारू नका, पानं जळतात.

औषधापेक्षा टेबलफॅनचा उपयोग जास्त. जून ते सप्टेंबर पुण्यातही हवेतला ओलावा ८०-९० टक्क्यांवर असतो, पानाच्या बेचक्यातलं पाणी दिवसभर हलत नाही. छोटा पंखा, सर्वांत कमी वेगावर, झाडांवर थेट नाही तर भिंतीवर मारा, म्हणजे हवा नुसती फिरत राहील. सकाळी ९च्या आत पाणी घालून संपवा. पावसाची झड आत येते त्या बाजूला पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद, फक्त वरच्या अर्ध्या भागाला. खालून वारा येऊ द्या. पूर्ण बंद केलंत की हरितगृह नाही, प्रेशर कुकर होतो.

नारळाच्या सोडणाचे तुकडे पावसाळी भागात मी पॅफला वापरू देणार नाही. पहिलं वर्ष झकास, दुसऱ्या पावसात चिखल. वँडाच्या टोपलीत चार तुकडे टाकायला हरकत नाही. पण आधी तीन वेळा पाणी बदलून धुवा, सोडणात मीठ असतं. कोळसा घ्याल तो लोणारी, लाकडाचा. दगडी कोळसा किंवा बार्बेक्यूच्या दाबून केलेल्या वड्या नकोत.

---

गॅलरीतली_बाग

दोघांचे आभार. पॅफ उपसलं. गोळा होताच, आंब्याच्या कोयीएवढा, आणि आत काळा. टणक मुळं फक्त तीन, सगळी गोळ्याच्या बाहेर. सांगितल्याप्रमाणे ३ इंचीत लावलंय.

टँकरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) आज शेजाऱ्यांच्या मीटरवर ६१०, महापालिकेचा ९०. हे फार आहे का? घरी आरओ आहे. त्याचं वाया जाणारं पाणी झाडांना देते, ते चालेल ना?

---

थेंबाचा_हिशोब

वाया जाणारं पाणी आजपासून बंद. आरओ क्षार काढून टाकतो ते त्याच पाण्यात जातात. ६१० आत गेलं तर बाहेर पडणारं हजाराच्या आसपास किंवा वर असतं. अबोलीला, कढीपत्त्याला चालून जाईल, आमरीला नाही. सोसायटीत सॉफ्टनर असेल तर तेही पाणी नको, त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं. मीटरवर आकडा तोच, परिणाम वाईट.

९० उत्तम. त्यात काही करू नका. टँकरच्या महिन्यांत १ भाग टँकर, ४ भाग आरओचं शुद्ध. आरओचा टीडीएस २० धरला तर मिश्रण (६१० + ८०) भागिले ५, म्हणजे १३८. पॅफ आणि सिंबिडियमला एवढं पुरतं. फॅलेनॉप्सिस आणि वँडाला १:२ सुद्धा चालेल.

खताचा हिशोब. १९:१९:१९ लिटरला २ ग्रॅम म्हणजे नत्र ३८० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम). हा द्राक्षबागेचा डोस झाला. आमरीला १०० पीपीएमच्या घरात पुरे, म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. पॅफला पाव ग्रॅम. पंधरा दिवसांनी एकदा दणकून देण्यापेक्षा थोडं थोडं बरं, कारण वेलामेन वाळताना क्षार तिथेच मागे राहतात. वँडाच्या मुळांची टोकं बंद पडण्यात तहानेबरोबर याचाही हात असणार. टँकरचं ६१० अधिक हे खत, टोक करपायला आणखी काय हवं?

मीटर खताच्या पाण्यात बुडवून "फक्त एवढंच आलं" म्हणून खत वाढवू नका. १९:१९:१९ मधलं बरंच नत्र युरियाच्या रूपात असतं आणि युरिया पाण्यात विजेचं वहन करत नाही. टीडीएस मीटर वहनावर चालतं, त्याला युरिया दिसतच नाही. खत वजनानंच मोजायचं.

दुसरी अडचण, या खतात कॅल्शियम नाही. ९०च्या पाण्यात थोडं असतं, आरओच्या पाण्यात जवळपास नसतं. कॅल्शियम कमी पडलं की नव्या पानाचं टोक काळं पडून मरतं आणि माणूस त्याला बुरशी समजून औषध मारत बसतो. म्हणून एक आठवडा १९:१९:१९, पुढचा आठवडा कॅल्शियम नायट्रेट लिटरला ०.३ ग्रॅम. त्यातून कॅल्शियम साधारण ५६ पीपीएम मिळतं. त्याच पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट ०.२ ग्रॅम चालतं, पातळ असताना साका होत नाही. ०.३ ग्रॅम घरच्या काट्यावर मोजता येत नाही. ३० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट १ लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा, त्यातलं १० मिलिलिटर एका लिटरला. मॅग्नेशियम सल्फेटची बाटली वेगळी, २० ग्रॅम प्रति लिटर, तेच माप. १९:१९:१९ची घट्ट बाटली कॅल्शियमच्या बाटलीत कधीही ओतू नका, स्फुरद आणि कॅल्शियम एकत्र येऊन पांढरा गाळ खाली बसतो, तो झाडाच्या काही कामाचा नाही.

महिन्यातून एकदा कुंडीच्या आकारमानाच्या तिप्पट साधं पाणी आरपार सोडा. कुंडीच्या काठावर पांढरी खपली दिसते, ती त्याच क्षारांची.

---

मुळंआधी

नोबिलीवर कुणी बोललं नाही, तर मीच.

कांड्या जाड आणि पिल्लं येतात याचा अर्थ झाडाला हिवाळा झालाच नाही. नोबिली हिमालयाच्या पायथ्याकडची, ईशान्येकडची. तिकडे पावसाळ्यात वाढ, मग कोरडी थंडी. कांडीवरच्या प्रत्येक डोळ्यापुढे दोन वाटा असतात, फूल किंवा पिल्लू. थंडी आणि कोरडेपणा मिळाला तर फूल. ऊब, पाणी आणि नत्र मिळत राहिलं तर पिल्लू. तुम्ही डिसेंबरातही एक दिवसाआड पाणी आणि खत देताय, तर डोळा दुसरं काय करणार.

पुणेकरांना नोबिली सोपी आहे, मुंबईकरांना नाही. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री १० ते १३ अंशांपर्यंत उतरतात आणि तिला साधारण १४च्या खाली चार ते सहा आठवडे हवे असतात. फक्त एक मेख आहे. गॅलरीत भिंतीला लागून टांगलेली कुंडी ही थंडी पाहतच नाही. दिवसभर तापलेलं सिमेंट रात्री उष्णता सोडतं. साधा तापमापक एक भिंतीजवळ, एक ग्रिलला लावून पहाटे बघा, फरक दिसेल. नोबिली ग्रिलच्या बाहेरच्या टोकाला, वँडा हिवाळ्यात भिंतीच्या बाजूला. दोघांच्या जागा नोव्हेंबरात अदलाबदल करायच्या.

खत आजपासूनच बंद. पाणी नोव्हेंबरच्या मध्यापासून दहा-बारा दिवसांनी एकदा, तेही कांड्या फारच आकसल्या तर. थोड्या सुरकुत्या आल्या तरी घाबरू नका. पानं पिवळी होऊन गळतील, गळू द्या. पानं गळालेल्या कांडीवरच फुलं येतात. ती "मेली" म्हणून कापणं ही नेहमीची चूक. पेरांवर मोहरीएवढे फुगवटे दिसतील. तेव्हाही लगेच पाणी सुरू केलंत तर त्यांची पिल्लं होतात. फुगवटा ज्वारीच्या दाण्यापेक्षा मोठा होऊन कळीसारखा दिसू लागला की मगच पाणी.

तुमचं खरंच नोबिली आहे ना, तेवढं तपासा. बाजारात डेंड्रोबियम म्हणून जास्त मिळतो तो फॅलेनॉप्सिससारख्या फुलांचा, ज्याचा तुरा कांडीच्या शेंड्यातून निघतो. त्याला हा उपास घातलात तर तो मरेल. फुलांच्या जागी कांडीवर पिल्लं येतात म्हणता, त्यावरून नोबिलीच वाटतं.

गोळा नोबिलीच्याही कुंडीत असणार, पण तिला आत्ता हात लावू नका. फुलून झाल्यावर मार्चमध्ये, नवा फुटवा बोटभर होऊन त्याला मुळं सुटली की बदला. पिल्लांना मुळं ३-४ सेंटिमीटर झाली की तीही तेव्हाच वेगळी करा.

सिंबिडियमचा नाद सोडा. मोठ्या फुलांच्या संकरांना दांडा धरायला उन्हाळ्याअखेर ते शरदात रात्री १४-१५च्या आसपास आणि दिवस-रात्रीत दहा अंशांचा फरक लागतो. कालिम्पाँगला ते फुकट मिळतं. पुण्यात सप्टेंबर-ऑक्टोबरच्या रात्री तेवढ्या खाली फारशा जात नाहीत, आणि थंडी येते तोवर वेळ टळलेली असते. बर्फाचे खडे टाकणं वगैरे उपाय वाचाल, त्यानं मुळं दुखावण्यापलीकडे काही होत नाही. पानांसाठी ठेवायचं असेल तर ठेवा, नाहीतर महाबळेश्वर-पाचगणीकडे कुणी ओळखीचं असेल त्यांना द्या.

---

वैदर्भी_ऊन

एक मतभेद नोंदवतो. वर स्प्रेला अगदीच मोडीत काढलंय. मुळांची तहान त्यानं भागत नाही, मान्य. पण मे महिन्यात दुपारी ३९-४० अंश आणि ओलावा २० टक्के असताना प्रश्न मुळांचा नसतो, पानांचा असतो. पान जितकं गमावतं तितकं मूळ आणू शकत नाही. नागपुरात ४५ला वँडा जगवतात ते फरशीवर पाणी मारून. झाडावर नाही, फरशीवर. सकाळी ११ला आणि दुपारी ३ला गॅलरीची फरशी आणि भिंतीचा खालचा भाग ओला करायचा, खाली ओलं पोतं अंथरायचं. कूलर असेल तर त्याची ओली हवा झाडांच्या दोन-तीन फुटांवरून जाऊ द्या. कोरड्या हवेत कूलर दहा-बारा अंश सहज उतरवतो. पावसाळा लागला की कूलर बंद, तेव्हा तो नुसता दमटपणा वाढवतो. खडे-पाण्याची ताटली उघड्या गॅलरीत फारशी कामाची नाही, वारा आला की ओलावा उडाला.

वँडा आणि फॅलेनॉप्सिस पानांची रंध्रं मुख्यतः रात्री उघडतात. म्हणून त्यांना दिवसाच्या उन्हापेक्षा उकाड्याच्या रात्री जड जातात. संध्याकाळी ७ला फरशी परत ओली केलीत तर भिंत लवकर निवते. पानांवर मात्र रात्रीचं पाणी नको, कोकणी_आमरी यांनी लिहिलंय त्याच कारणानं.

मे महिन्यात ९० टक्के कोरड्या हवेच्या दिवशी लाल कोळी येतो. पानाच्या खालच्या बाजूला चंदेरी खरखर आणि बारीक जाळं. पानांच्या खालून पाण्याचा फवारा जोरात मारा, चार दिवसांच्या अंतरानं तीनदा. कडुनिंबाचं तेल मारायचं तर सूर्य मावळल्यावर, तापलेल्या पानावर तेल म्हणजे तळण. पिठ्या ढेकूण दिसले तर कापसाच्या बोळ्यानं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, पानाच्या बेचक्यात आणि बुडाच्या सुकलेल्या सालीखाली. ती साल आधी सोलून काढा, निम्मे तिथेच लपलेले असतात.

---

मुळंआधी

फरशी ओली करण्याबद्दल वाद नाही. "९० टक्के कोरडी हवा" म्हणजे ओलावा १० टक्के ना? वाचणारा उलटं धरेल म्हणून विचारलं.

---

वैदर्भी_ऊन

हो, ओलावा १०च्या आसपास. घाईत लिहिलं.

---

गॅलरीतली_बाग

सिंबिडियम पाचगणीला रवाना होईल. मग जागा एक रिकामी. साध्या हिरव्या पानाचं पॅफ पुन्हा आणू की इथलंच काही? सह्याद्रीतल्या आमरी पुण्यात कुंडीत होतात का? आणि वँडाला दोन दिवस बुडवल्यावर एका मुळावर काळी कड दिसतेय, टोकाला.

---

कोकणी_आमरी

काळी कड टणक आणि कोरडी असेल तर ते जुनं क्षारांचं करपणं, आता दिसतंय एवढंच. मऊ असून वर सरकत असेल तर २ सेंटिमीटर मागून कापा.

साध्या हिरव्या पानांचं पॅफ पुण्यासाठी नको. इन्सिग्ने, व्हिलोसम आणि त्यांचे संकर मेघालय आणि ईशान्येच्या डोंगरांतले, उन्हाळ्यात ३०च्या वर त्यांना जड जातं. चट्टेरी पानांचे मॉडिए गटातले संकर उष्णता सोसतात. घेताना एक फुटवा असलेलं रोप नको, तीन तरी बघा. प्रत्येक फुटवा आयुष्यात एकदाच फुलतो, पुढचं फूल पुढच्या फुटव्याचं. पॅफच्या जंगली प्रजाती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यामुळे प्रयोगशाळेत वाढवलेला संकरच घ्यायचा आणि बिल ठेवायचं. "जंगलातून आणलंय, ओरिजिनल आहे" असं म्हणणाऱ्याकडून तर मुळीच नाही.

इथल्या म्हणाल तर होतात, आणि बऱ्याच वेळा या परदेशी संकरांपेक्षा सोप्या. सीतेची वेणी घ्या. मे-जूनच्या सुमारास पांढऱ्या-गुलाबी फुलांची झुंबरासारखी वेणी लोंबते. एरिडिस क्रिस्पा महाबळेश्वर-आंबोलीकडची, वळवाच्या सुमारास फुलते, वास गोड. दोन्ही रोपवाटिकेत वाढवलेलीच घ्या. जंगलात पडलेल्या फांदीवरची उचलून आणणं बेकायदा तर आहेच, शिवाय मुळं सालीपासून ओरबाडलेली असतात, दोन पावसाळे ती नुसती रुसून बसतात.

कुंडी नको, ओंडका. आंब्याचा किंवा सागाचा हातभर जुना तुकडा, साल असलेला. रोप काथ्यानं असं बांधा की हलवलं तर हलता कामा नये. रोप डुलत राहिलं तर मुळाचं कोवळं टोक रोज घासून मरतं. बुडाशी शेवाळ लावू नका. पुण्याच्या पावसात ओंडका ग्रिलबाहेर टांगला की तीन महिने बघावं लागत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी आठवड्यातून दोनदा पाणी, मार्चपासून रोज सकाळी, एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी ५ला आणखी एकदा. सीतेच्या वेणीची मुळं हलवलेली तिला खपत नाहीत, म्हणून एकदा बांधली की ओंडका कुजेपर्यंत सोडवायची नाही. ओंडका कुजायला लागलाच तर तो तसाच दुसऱ्या मोठ्या ओंडक्यावर बांधा.

बांधायची वेळ आता नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुळांची टोकं हिरवी व्हायला लागतात तेव्हा.

---

थेंबाचा_हिशोब

ओंडक्यावरच्यांना टँकरचं पाणी अजिबात नको. ओंडक्यातून निचऱ्याचं पाणी आरपार जात नाही, क्षार सालीवरच साचतात आणि मुळं नेमकी त्या सालीलाच चिकटलेली असतात. मार्च ते जून त्यांना आरओचं शुद्ध पाणी, दर आठव्या दिवशी कॅल्शियमचं पातळ पाणी.